मंगोलांनी जग मोडलं की जोडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंगोल संख्येने मूठभर, जनावरांमागे फिरणारे, सुरुवातीला त्यांना स्वतःची लिपीही नव्हती. मग सत्तर-ऐंशी वर्षांत कोरियापासून काळ्या समुद्रापर्यंतचा मुलूख त्यांच्या हाती आला कसा? शाळेच्या पुस्तकात ते क्रूर लुटारू म्हणून भेटले. आता मात्र जिकडेतिकडे वाचायला मिळतं की पूर्व आणि पश्चिम त्यांनीच जोडली, व्यापार वाढवला, सगळ्या धर्मांना मोकळीक दिली. यातलं खरं कोणतं? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की भारत त्यातून कसा वाचला, आणि तुम्ही राहता त्या ठाण्यासारख्या ठिकाणाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का. संबंध आहे, आणि तो शेवटी सांगते.

मी एकतीस वर्षं महाविद्यालयात मध्ययुगाचा इतिहास शिकवला. मंगोलांवर आलं की पहिली काही वर्षं मी फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकीकडे नाश आणि दुसरीकडे लाभ. मुलं ते उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची. पुढे मी तो तक्ता सोडून दिला. लाभाच्या रकान्यातली एकेक नोंद मागे नेत गेलं की ती नाशाच्या रकान्यातल्या कुठल्यातरी नोंदीपाशी जाऊन थांबते, असं मला वर्षानुवर्षांच्या वाचनातून दिसत गेलं. काराकोरममध्ये, म्हणजे मंगोलांच्या तेव्हाच्या राजधानीत, पॅरिसचा सोनार काम करत होता, हा लाभ. तो तिथे कैदी म्हणून आला होता, हा नाश. माणूस मात्र एकच. म्हणून 'मोडलं की जोडलं' या प्रश्नाऐवजी मी मुलांना विचारायला लागले की जोडणारे हात कुणाचे होते आणि ते तिथे पोचले कसे.

दुसरी गोष्ट आधीच कबूल करते. उत्तर तुम्ही कुठे आणि कधी उभे आहात यावर अवलंबून आहे. मध्य आशियातल्या मर्व शहराला 1221 मध्ये विचारलंत तर एक उत्तर मिळेल, इराणातल्या तब्रीझला 1300 च्या आसपास विचारलंत तर अगदी वेगळं. 1238 च्या वसंतात बर्फ वितळून चिखल झाला आणि मंगोल फौज वाटेतूनच मागे वळली, म्हणून रशियातलं नोवगोरोद शहर शाबूत राहिलं. त्याच मोहिमेत काही महिन्यांपूर्वी र्‍याझानची राख झाली होती. एका साम्राज्याला एकच गुण देता येत नाही.

आता मूळ मुद्दा, हे जमलं कसं. घोडे आणि धनुष्यबाण हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं, आणि ते चूक नाही. स्वाराबरोबर तीन-चार, कधी पाच घोडे असत. एक थकला की दुसऱ्यावर बसायचं. मंगोल घोडा ठेंगणा, पण खुराने बर्फ उकरून खालचं गवत खाणारा. घोडीचं दूध हेही अन्न. त्यामुळे इतर फौजांना दाणागोटा वाहून न्यावा लागे तसा यांना लागत नसे. पण हे घोडे आणि ही धनुष्यं हूणांकडे होती, तुर्कांकडे होती, मंगोलांच्या शेजारच्या प्रत्येक टोळीकडे होती. मग 1206 नंतरच हे का घडलं?

इथे तेमुजीनचं, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाचं, बालपण बघावं लागतं. तो साधारण नऊ वर्षांचा असताना बापाला तातारांनी विष घातलं. त्यानंतर बापाच्याच भाऊबंदांनी या विधवेला आणि पोरांना वाऱ्यावर सोडलं आणि गुरंढोरं घेऊन निघून गेले. आई होएलुनने कंदमुळं आणि रानफळं वेचून मुलं जगवली. भावकीवर ज्याचा एवढा विश्वास उडाला, त्याने पुढे सत्ता हाती आल्यावर भावकीच मोडून काढली, हे मला त्याच्या सगळ्या कामगिरीचं मूळ वाटतं. 1206 मध्ये ओनोन नदीकाठी कुरुलताई भरली, म्हणजे टोळीप्रमुखांची सभा, आणि तो चंगीझ खान झाला. तिथे त्याने माणसांची नव्याने मोजणी केली. दहाचा गट, शंभराचा, हजाराचा, पुढे दहा हजारांचा तुमान. हजाराच्या अशा 95 तुकड्या त्या वेळी उभ्या राहिल्या. हरलेल्या टोळ्यांची माणसं वेगवेगळ्या तुकड्यांत विखरून टाकली. आपली तुकडी सोडून दुसरीत गेलं तर मृत्युदंड. तुम्ही मेर्कित होतात की केरेइत, याला अर्थ उरला नाही. तुमचा हजारी कोण, एवढंच उरलं. सरदारांची मुलं खानाच्या दहा हजारांच्या खास पहाऱ्यात ठेवली. तो मान होता, आणि बाप फितूर होऊ नये म्हणून ठेवलेलं ओलीसही होतं.

या मोजणीला मी वर्गात एक संपूर्ण तास द्यायचे. लढाईच्या कथा मुलांना आवडतात, पण किल्ली इथे आहे. जेबे हा मूळचा शत्रूकडचा तिरंदाज, त्याच्या बाणाने चंगीझचा घोडा पडला होता. तो सेनापती झाला. सुबुताईचा जन्म कुठल्या राजघराण्यातला नव्हता, तरी पुढे रशिया आणि हंगेरीच्या मोहिमा त्याने आखल्या. जन्माऐवजी कामावरून माणूस वर चढतो, हे त्या काळच्या बहुतेक दरबारांना न सुचलेलं होतं.

यात हवामानाचाही हात असावा. मध्य मंगोलियातल्या जुन्या झाडांच्या खोडांवरची वलयं मोजून असं दिसलंय की 1211 ते 1225 ही वर्षं त्या भागात असाधारण ओली होती. ओल म्हणजे गवत, गवत म्हणजे घोडे. मी याला कारण म्हणणार नाही, पाठबळ म्हणेन. चांगला पाऊस शेजाऱ्यांच्या कुरणांवरही पडला होता.

दुसरं म्हणजे ते झपाट्याने शिकत. 1209 मध्ये त्यांनी चीनच्या वायव्येकडल्या शी शिया राज्याच्या राजधानीला वेढा घातला तेव्हा तटबंदी कशी फोडायची हे त्यांना माहीत नव्हतं. नदीचं पाणी शहरात सोडायला गेले आणि बांध फुटून ते त्यांच्याच छावणीत शिरलं. दहा वर्षांनी हेच लोक मध्य आशियातली तटबंद शहरं आठवड्या-आठवड्यात घेत होते, कारण मधल्या काळात उत्तर चीनच्या मोहिमांत तटफोडीची यंत्रं जाणणारे कारागीर त्यांच्या हाती लागले होते. लिपीचंही तसंच. 1204 मध्ये नायमान टोळी हरली तेव्हा त्यांचा मुद्राधारी, ताताटुंगा नावाचा उइगूर, पकडला गेला. चंगीझने त्याला मारलं नाही, राजघराण्यातल्या मुलांना अक्षरं शिकवायला बसवलं. स्वतःकडे नाही ते ज्याच्याकडे आहे, तो माणूस उचलायचा. ही सवय लक्षात ठेवा, ती पुढे फार मोठी होते.

तिसरं, समोरची राज्यं आतून पोखरलेली होती. मध्य आशिया आणि इराणावर राज्य करणाऱ्या ख्वारझमच्या शाहाचं उदाहरण घेते. 1218 मध्ये ओत्रारच्या सुभेदाराने मंगोलांकडून आलेला, सुमारे 450 माणसांचा व्यापारी तांडा हेर समजून कापून काढला. जाब विचारायला आलेल्या वकिलालाही शाहाने मारलं. वकिलावर हात टाकणं मंगोलांच्या लेखी अक्षम्य होतं. युद्ध अटळ झालं तेव्हा शाहाची फौज कागदावर कमी नव्हती. पण त्याचा आपल्या सरदारांवर विश्वास नव्हता, आईशी सत्तेची ओढाताण चालली होती, बगदादच्या खलिफाशी वैर होतं. सगळी फौज एका सेनापतीच्या हाती दिली तर तो आपल्यावरच उलटेल या भीतीने त्याने ती शहराशहरांत वाटून ठेवली. चंगीझने किझिलकुमच्या वाळवंटातून वाट काढली, फेब्रुवारी 1220 मध्ये तो बुखाऱ्यासमोर उभा राहिला आणि पुढच्याच महिन्यात समरकंद पडलं.

आमच्याकडे यावर हमखास हात वर यायचा, "मॅडम, म्हणजे गनिमी कावाच ना?" हुलकावणी देऊन पळण्याचं सोंग करायचं आणि शत्रूला ओढून आणायचं, एवढं साम्य आहे. बाकी फार वेगळं. आपल्या मावळ्यांना डोंगर आणि किल्ल्यांचा आधार होता आणि ते स्वतःचा मुलूख राखत होते. मंगोलांना मोकळं मैदान लागे आणि ते दुसऱ्याच्या मुलखात होते.

आता समरकंदपाशी जरा थांबते, कारण माझं म्हणणं तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. शहर पडल्यावर लोकांना बाहेर मैदानात काढलं आणि निवडलं. इराणी इतिहासकार जुवैनी, जो पुढे मंगोलांचाच अधिकारी होता, सांगतो की तीस हजार कारागीर वेगळे काढून खानाच्या मुलांत आणि नातलगांत वाटले. साधारण तेवढेच तरुण पुढच्या वेढ्यांत खंदक बुजवायला आणि तटासमोर पुढे ढकलायला नेले. शाहाच्या तुर्क शिपायांची कत्तल झाली. उरलेल्यांना दोन लाख दिनार भरून घरी जाऊ दिलं. बघा, ही तीच मोजणी आहे. 1206 मध्ये ओनोनच्या काठी आपल्याच माणसांवर वापरलेली रीत इथे जिंकलेल्या शहरावर वापरली. मोज, निवड, वाट, हलव.

दोनच वर्षांत एक वयोवृद्ध ताओ साधू, चांगचुन, चंगीझच्या बोलावण्यावरून चीनमधून या वाटेने आला. त्याच्या प्रवासाच्या नोंदीत आहे की समरकंदमध्ये पूर्वी एक लाखावर कुटुंबं होती, आता चौथा हिस्सा उरलाय. आणि त्याच नोंदीत पुढे आहे की इथे सगळीकडे चिनी कारागीर राहतात. ही दोन वाक्यं मी मुलांना एकापाठोपाठ एक वाचून दाखवायचे. समरकंदचे विणकर पूर्वेला गेले, चीनचे कारागीर समरकंदला आले. जग जोडलं गेलं ते असं.

मृतांच्या आकड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते कुठेतरी वाचलेच असतील, म्हणून मी ते कसे वाचते हे सांगते. मर्वमध्ये तेरा लाख, निशापूरमध्ये सतरा लाख सत्तेचाळीस हजार, असे आकडे जुन्या ग्रंथांत आहेत. मी आधी विचारते की एवढी माणसं त्या शहराच्या पाण्यावर आणि आसपासच्या धान्यावर जगू शकली असती का. आश्रयाला आलेली खेडी धरली तरी उत्तर नाही असंच येतं. दुसरं, आकडा कोण सांगतोय आणि त्याचा फायदा कशात आहे. मंगोलांना आपली दहशत पसरायला हवीच होती. 1262 मध्ये इराण जिंकणाऱ्या हलाकूने, चंगीझच्या नातवाने, फ्रान्सच्या राजाला पत्र लिहिलं, त्यात बगदादमध्ये आपण दोन लाखांवर माणसं मारल्याचं तो फुशारकीने सांगतो. तिसरं, नोंदीत नसणं म्हणजे मेलेलं असणं नव्हे. उत्तर चीनमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या गणतीत 75 लाखांच्या वर कुटुंबं होती, मंगोलांच्या 1235-36 च्या गणतीत ती 20 लाखांच्याही आत आली. यात मेलेले आहेत, दक्षिणेला पळालेले आहेत, कुणा मंगोल सरदाराची मालमत्ता होऊन नोंदीबाहेर गेलेलेही आहेत.

पण आकडे फुगवलेले आहेत म्हणून दुःखही फुगवलेलं आहे, असं कृपा करून समजू नका. मर्वचं सगळं जीवन मुर्गाब नदीच्या बांधावर होतं, तो बांध गेला. इराणात शेती जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यांवर चाले. औरंगाबादची नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. असे बोगदे दरवर्षी गाळ काढून राखावे लागतात. ते काम जाणणारी माणसं मेली किंवा हलवली गेली की बोगदा भरतो, शेत पडीक होतं आणि वाचलेलेही गाव सोडतात. कत्तल एका दिवसाची असते, पण ही झीज पुढच्या दोन-तीन पिढ्या चालली.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, मंगोलांची खरी ताकद माणसांची नव्याने मांडणी करण्यात होती. ती आधी त्यांनी स्वतःवर वापरली, मग जगावर. ज्या हाताने कत्तल झाली त्याच हाताने कारागीर, वैद्य, लेखनिक आणि ज्योतिषी उचलून हजारो मैल दूर नेले.

उदाहरणं किती द्यावीत! 1254 मध्ये फ्रान्सिस्कन साधू विल्यम रुब्रुक काराकोरमला पोचला. त्याला तिथे गियोम बुशे नावाचा पॅरिसचा सोनार भेटला. तो हंगेरीच्या स्वारीत बेलग्रेडला पकडला गेला होता. त्याने खानाच्या महालासाठी चांदीचं झाड घडवलं होतं आणि त्याच्या नळ्यांतून चार वेगवेगळी मद्यं वाहत. तिथेच पाकेत नावाची मेट्झ शहराची बाई भेटली. तीही हंगेरीतून धरून आणलेली, आता एका रशियन सुताराची बायको. रुब्रुक लिहितो की तिने त्यांना जेवू घातलं आणि छावणीत येण्याआधी सोसलेल्या हालअपेष्टा सांगितल्या. पूर्व-पश्चिम मीलनाची चर्चा निघाली की मला मार्को पोलोच्या आधी ही पाकेत आठवते.

हलाकू इराणवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर चीनमधल्या यंत्रकारांची एक हजार कुटुंबं होती. 1256 मध्ये अलामूतचा किल्ला पडला. तिथे असलेला थोर गणिती नसीरुद्दीन तुसी हलाकूच्या सेवेत गेला. 1258 मध्ये बगदाद पडलं, खलिफा मुस्तासिम मारला गेला, पाच शतकांची अब्बासी सत्ता संपली. आणि दुसऱ्याच वर्षी, 1259 मध्ये, मराघा इथे तुसीच्या देखरेखीखाली वेधशाळा उभी राहू लागली. तिथे इराणी आणि अरब विद्वानांबरोबर चिनी खगोलज्ञही होता. लुटीतून वाचवलेले ग्रंथ तिथेच गेले. बगदाद आणि मराघा यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत कसे लिहिणार?

पुढे तब्रीझच्या दरबारात वजीर रशीदुद्दीनने जगाचा इतिहास लिहवून घेतला. त्यात बुद्धाच्या चरित्राचा भाग कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूच्या मदतीने तयार झाला. इराणी वजीर, मंगोल मालक आणि काश्मिरी भिक्षू अशी ती बैठक होती. चीनमधल्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचा निळा रंगही याच काळात इराणकडून आलेल्या कोबाल्टने खुलला. हे खरे लाभ आहेत आणि मी ते मनापासून मोलाचे मानते.

पण 'मंगोल शांतता' हा जो शब्द फिरतो, तो जरा जपून वापरा. एकसंध साम्राज्य फार तर 1260 पर्यंत टिकलं. साम्राज्याचा मुख्य खान मोंगके 1259 मध्ये मेला आणि त्याचे भाऊ कुबलाई व अरिक बुका यांच्यात वारसायुद्ध पेटलं. 1260 मध्ये ऐन जालुतला इजिप्तच्या मामलुकांनी मंगोल तुकडीला हरवलं. 1262 पासून हलाकू आणि रशियाकडचा चुलतभाऊ बरका उघड लढू लागले. मध्य आशियात चंगीझचाच पणतू कैदू कुबलाईशी शेवटपर्यंत भांडला. 1304 मध्ये कुठे आपसांत तह झाला. डाकचौक्या होत्या, हातात खानाच्या परवान्याची पट्टी असलेल्या दूताला तिथे ताजे घोडे मिळत, हे सगळं खरं. पण मधल्या चाळीस वर्षांत तीच वाट कितीदा तरी बंद पडे. मार्को पोलो परतला तो समुद्रमार्गाने.

धर्मांच्या मोकळिकीचंही तसंच आहे. मशिदी, चर्च, विहार यांना करमाफी मिळे, कारण त्यांनी खानासाठी प्रार्थना करावी ही अपेक्षा असे. ती त्या काळाच्या मानाने मोठी सूट होती. पण खानाच्या रीतीला धक्का लागला की ती संपे. 1280 च्या सुमारास खुद्द कुबलाईने मुसलमानांच्या पद्धतीने जनावर कापण्यावर बंदी घातली.

प्लेगबद्दल दोन शब्द. मध्य आशियातल्या इसिक-कुल सरोवराजवळच्या दफनभूमीत 1338-39 सालच्या थडग्यांवर साथीने मेल्याच्या नोंदी आहेत आणि तिथल्या अवशेषांत प्लेगचा जंतू सापडला आहे. 1347 मध्ये काळ्या समुद्रावरून रोग युरोपात शिरला. व्यापारी आणि लष्करी वाटांवरूनच तो सरकला, हे पटण्यासारखं आहे. काळ्या समुद्राकाठच्या कफ्फा बंदराच्या वेढ्यात मंगोलांनी प्रेतं तटावरून आत फेकली ही गोष्ट मात्र जपून घ्या. ती लिहिणारा माणूस तिथे हजर नव्हता, आणि रोग जायला उंदीर आणि जहाजं पुरेशी होती.

आता भारत. 'वाचला' हा शब्द मी वापरणार नाही. 1221 च्या नोव्हेंबरात सिंधूकाठी ख्वारझमच्या शाहाचा मुलगा जलालुद्दीन हरला, घोड्यासकट नदीत उडी टाकून अलीकडे आला आणि दिल्लीकडे आश्रय मागू लागला. इल्तुतमिशने तो दिला नाही, मंगोलांना अंगावर घेण्याचं टाळलं. ते शहाणपण होतं. पण 1241 मध्ये लाहोर लुटलं गेलं, मुलतानवर पुन्हा पुन्हा धाडी आल्या. 1285 मध्ये दिल्लीचा सुलतान बल्बन याचा मुलगा मुहम्मद मंगोलांशी लढताना पडला आणि त्याच्या पदरी असलेला कवी अमीर खुस्रो कैद झाला. खुस्रोचे वडील याच मंगोल वावटळीतून पळून हिंदुस्थानात आलेले होते. त्या शतकात दिल्लीला जे विद्वान, सूफी आणि कारागीर मिळाले, त्यांतले कितीतरी असे उखडून आलेले.

पंजाबच्या पुढे मंगोल का टिकले नाहीत, याला तीन कारणं मी धरते. उष्मा आणि घोड्यांना पुरेल अशा मोकळ्या कुरणांचा अभाव हे पहिलं. दुसरं, भारतावर येत होते ते बहुतेक वेळा मध्य आशियातल्या, चंगीझचा मुलगा चगताई याच्या शाखेचे, आणि त्यांची पाठ कैदू-कुबलाईच्या भांडणात गुंतलेली होती. तिसरं, दिल्लीने त्यांच्यासाठीच फौज उभी केली. 1299 मध्ये दिल्लीजवळ किलीला लढाई झाली. 1303 मध्ये तारगीच्या फौजेने खुद्द दिल्लीला वेढा घातला आणि अलाउद्दीन खिलजी सिरीत अडकून पडला. तो वेढा उठल्यावर त्याने बाजारभाव बांधून दिले आणि फौजेला रोख पगार देऊन ती वाढवली. 1305 मध्ये अमरोह्याजवळ आणि 1306 मध्ये पुन्हा मंगोल हरले. 1307 मध्ये चगताई खान दुवा मेला आणि तिकडे घरातच यादवी माजली.

इथे महाराष्ट्राचा धागा येतो आणि तो आपल्याकडे फारसा कुणी ओढत नाही. अलाउद्दीन तख्तावर बसला तो 1296 मध्ये देवगिरीची लूट हाती आल्यावर. रामदेवराव यादवाच्या खजिन्यातला पैसा त्याने दिल्लीत उधळून माणसं फोडली. ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा, 1290 मध्ये, कुबलाई खान अजून जिवंत होता, म्हणजे या सगळ्या गोष्टी एकाच पिढीतल्या आहेत. मंगोलांसाठी उभारलेली ती मोठी फौज वायव्य सरहद्द शांत झाल्यावर दक्षिणेकडे वळली. अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याच्या हाताखाली ती पुन्हा देवगिरीवर आली ती 1307 च्या सुमारास, मग 1310 पर्यंत वरंगळ, आणि 1311 पर्यंत द्वारसमुद्र आणि मदुरा. खंडणी थकली हे देवगिरीच्या मोहिमेचं निमित्त होतंच. पण एवढी रोख पगारी फौज पोसायला धन लागणार आणि सरहद्दीवर काम उरलेलं नाही, ही सांगड मला फार बलवत्तर वाटते. मंगोल घोडा गोदावरीपर्यंत कधी आला नाही. त्याच्या भीतीने उभारलेली फौज आली.

'मंगोल' आणि 'मोगल' एकच का, असंही तुम्ही विचारलंय. शब्द एकच, माणसं तीच नव्हेत. बाबर बापाकडून तैमूरचा वंशज आणि आईकडून चगताईच्या घराण्याचा, म्हणून चंगीझचा. स्वतःला तो तैमूरच्या वंशाचा तुर्क म्हणवून घेई. इराणी आणि हिंदुस्थानी लोकांनी नाव चिकटवलं ते मात्र 'मोगल'. आपल्याकडे तर निजामाच्या मुलखालाही मोगलाई म्हणत, आणि आजही कुणी मनमानी केली की "मोगलाई लागून गेलीय का?" असं आपण विचारतो. बहाद्दर आणि दरोगा हे शब्दही मंगोल भाषेतून फारसीच्या वाटेने आपल्यापर्यंत आलेत.

आणि आता तुमचं ठाणं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचं वर्णन केलंय, धूप आणि कापड यांचा व्यापार, आणि राजाशी संगनमत असलेले चाचे, जे लुटीतले घोडे राजाला देत. 1321 मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि आणखी तीन ख्रिस्ती धर्मसेवक ठाण्याच्या बंदरावर उतरले. थॉमस पूर्वी पूर्वेकडच्या मिशनची पत्रं घेऊन युरोपात गेलेला म्हातारा साधू. त्यांना जायचं होतं चीनला, मंगोल खानाच्या राजधानीत, जिथे त्यांच्या पंथाचा आर्चबिशप होता. वाऱ्याने जहाज इकडे ढकललं. ठाण्यात तेव्हा दिल्लीचा अंमल होता. काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि ते चौघे मारले गेले. थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक त्याच वाटेने आला. त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या, बरोबर घेतल्या, मलबार आणि सुमात्रा करत जहाजाने चीनच्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौमध्ये, नेल्या आणि तिथल्या आपल्या पंथाच्या मठात ठेवल्या. नंतर तो खानाच्या राजधानीत तीन वर्षं राहिला. पुढच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी गेलात की तिथून च्वानचौपर्यंतची ती वाट एकदा नकाशावर बोटाने काढून बघा.